प्रार्थनेतल्या कोरडेपणाविषयी मोकळेपणाने बोलले जावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

५ सप्टेंबर हा संत मदर तेरेसा यांचा स्मृतिदिन. दरवर्षी त्या सुमारास मराठी वृत्तपत्रांतून त्यांच्या सेवाकार्याविषयी आदराने लिहिले जाते, त्याबद्दल एक कॅथॉलिक वाचक म्हणून मी कृतज्ञ आहे. मात्र कोलकात्याच्या रस्त्यांवरून उचलून आणलेले रुग्ण, निळ्या काठाची पांढरी साडी आणि १९७९चा नोबेल शांतता पुरस्कार एवढ्यावर हे लेखन बहुधा थांबते, आणि त्यांच्या आयुष्यातील जी गोष्ट आमच्यासारख्या सामान्य भाविकांच्या सर्वांत जास्त कामी येईल ती सांगायची राहून जाते. ज्या स्त्रीने असंख्य लोकांना देवाच्या प्रेमाची जाणीव करून दिली, तिला स्वतःला १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ मृत्यूपर्यंत प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती, ही ती गोष्ट. ख्रिस्ती परंपरेत या अवस्थेला आध्यात्मिक कोरडेपणा म्हणतात. आमच्या धर्मग्रामांतून (म्हणजे पॅरिशांतून) तिच्याविषयी जवळजवळ काहीच बोलले जात नाही आणि या मौनामुळे चांगली, श्रद्धाळू माणसे एकटी पडतात, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वसई परिसरातील एका धर्मग्रामात मी अनेक वर्षे मुलांना धर्मशिक्षण देते आणि आजारी व वृद्ध माणसांच्या घरी प्रार्थनेला जाते. अशाच एका घरी संध्याकाळची जपमाळ चालू होती. वेदीवरचा छोटा तांबडा दिवा लागलेला, खाली चटईवर नातवंडे बसलेली, आणि त्या घरच्या आजी ‘नमो मारिया’ म्हणत होत्या. तिसऱ्या रहस्याच्या, म्हणजे जपमाळेतल्या दहा मण्यांच्या तिसऱ्या भागाच्या, मध्यावर त्यांची बोटे एका मण्यावर थांबली, ती पुढे सरकेनात; मुलांनी उत्तर म्हटले तरी आजी गप्पच. सुनेने पुढचे दहा मणी सांभाळून घेतले. नंतर ओटीवर त्या मला म्हणाल्या, “टीचर, तोंड बोलतंय, पण आत काहीच नाही. पूर्वी मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) नुसती घंटा वाजली तरी डोळे भरून यायचे. आता भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. देवानं पाठ फिरवली असेल का हो माझ्याकडे?” पतीच्या निधनानंतर हे सुरू झाले होते आणि त्यांनी ते घरात कोणालाच सांगितले नव्हते. ज्या एका व्यक्तीला सांगितले, तिने “तुमच्या घराण्यात एखादं जुनं पाप राहिलं असेल, ते शोधून काढा,” असा सल्ला दिला होता. आईवडिलांच्या पापाचा भार मुलांवर पडत नाही हे यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातील अठराव्या अध्यायात इतक्या स्पष्टपणे सांगितलेले असताना, दुःखात असलेल्या वृद्ध स्त्रीला आपल्या पूर्वजांचे हिशेब तपासायला लावणे मला अत्यंत क्रूरपणाचे वाटते.

या आजींना जे सांगायला हवे होते ते चर्चच्या परंपरेत शतकानुशतके लिहून ठेवलेले आहे. ते लोकांपर्यंत पोहोचत नाही, हे खरे दुःख आहे.

मदर तेरेसांचेच पाहू. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना गरिबांतल्या गरिबांची सेवा करण्याची हाक ऐकू आली आणि त्यानंतरचे काही महिने त्यांनी येशूची अतिशय निकट अशी सोबत अनुभवली. पण प्रत्यक्ष काम सुरू झाले आणि ती सोबत नाहीशी झाली. आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना पाठवलेल्या पत्रांत त्यांनी आतल्या अंधाराविषयी, नकोसे झाल्याच्या भावनेविषयी आणि तरीही देवासाठी होणाऱ्या तळमळीविषयी लिहिले. आपले हसू हे पुष्कळ वेदना झाकणारे पांघरूण आहे, असेही लिहिले. १९५८च्या ऑक्टोबरमध्ये पोप बारावे पायस यांच्यासाठी झालेल्या मिस्साच्या वेळी त्यांनी देवाकडे खूण मागितली, अंधार निवळला, आणि काही आठवड्यांनी पुन्हा दाटून आला. ही पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची विनंती होती; ती जपली गेली आणि २००७मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तेव्हा जगभर काहींनी असा निष्कर्ष काढला की या बाईंचा विश्वास उरलाच नव्हता आणि त्यांनी आयुष्यभर केवळ सोंग केले. हा निष्कर्ष मला मुळीच पटत नाही. ज्याचा विश्वास उरलेला नाही तो पहाटे उठून अर्ध्या शतकाइतका काळ रोज देवापुढे गुडघे टेकत नाही, आणि जो नाहीच त्याच्यासाठी असा तळमळतही नाही.

या कथेत महाराष्ट्राशी जोडलेला एक माणूस आहे आणि तो मराठी वाचकांना माहीत असायला हवा. फादर जोसेफ नॉयनर हे मूळचे ऑस्ट्रियाचे येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू. त्यांनी पुण्यात दीर्घकाळ धर्मशास्त्र शिकवले, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत तज्ज्ञ म्हणून काम केले आणि वयाची शंभरी ओलांडून २००९मध्ये पुण्यातच देह ठेवला. १९६१मध्ये मदर तेरेसांच्या धर्मभगिनींना साधना (रिट्रीट) देण्यासाठी ते कोलकात्याला गेले असता मदरनी आपली अवस्था कागदावर लिहून त्यांच्या हाती दिली. फादर नॉयनर यांनी ती वाचून त्यांच्यावर कोणताही दोष ठेवला नाही. त्यांनी सांगितले की या अंधाराला कारण ठरेल असे तुमच्याकडून काही घडलेले नाही आणि यावर माणसाच्या हातचा उपायही नाही. देवाचे अस्तित्व जाणवणे हाच काही तो असल्याचा एकमेव पुरावा नव्हे, त्याच्यासाठी लागलेली ओढ हीच तो आत लपून असल्याची खूण आहे. आणि ज्या टाकलेल्या माणसांची सेवा तुम्ही करता, त्यांच्या एकाकीपणात तुम्हाला दिलेला हा वाटा आहे. अंधार गेला नाही. पण त्यानंतर मदरनी त्यांना लिहिले की एवढ्या वर्षांत प्रथमच मला या अंधारावर प्रेम करता येऊ लागले आहे. एका समंजस माणसाने नीट ऐकून घेतल्याने आणि चार योग्य वाक्ये बोलल्याने एका संताच्या पुढच्या छत्तीस वर्षांच्या वाटचालीला आधार मिळाला. आमच्या धर्मग्रामांत असे ऐकून घेणारे कान किती आहेत, हा प्रश्न मला सारखा सतावतो.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी या अवस्थेचा फार व्यवहारी बुद्धीने विचार केला होता. स्पेनमधील मान्रेसा येथे १५२२मध्ये त्यांना स्वतःला इतक्या तीव्र अपराधभावाने ग्रासले होते की जीव देण्याचा विचारही मनात येऊन गेला. त्यातून तावून सुलाखून निघालेले नियम त्यांनी पुढे आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात घातले. मन अंधारलेले, सुस्त, उदास आणि निर्माणकर्त्यापासून तुटल्यासारखे वाटते, त्या काळाविषयी त्यांचा पहिला दंडक असा की तेव्हा पूर्वीचा कोणताही निर्णय बदलू नये. मन स्वच्छ असताना जे ठरवले त्यावरच टिकून राहावे. हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण माणसे नेमके उलटे करतात. कोरडेपणा आला की कोणी गायनमंडळ सोडते, कोणी जपमाळ बंद करते, कोणी ‘इथे देव भेटत नाही’ म्हणून दुसऱ्याच पंथाच्या सभांना जाऊ लागते, आणि एखादी तरुण धर्मभगिनी आपले पाचारणच (धर्मजीवनासाठी आलेली देवाची हाक) खोटे होते असे समजून बसते. यांतला एखादा निर्णय कदाचित योग्यही असेल, पण तो घेण्याची ती वेळ नव्हे. संत इग्नेशियस तर म्हणतात की ठरलेला तासभर प्रार्थना जड जात असेल तर तासापेक्षा थोडे अधिकच थांबावे, म्हणजे मनाला पळ काढण्याची सवय लागत नाही.

कोरडेपणाची कारणेही ते तीन सांगतात: आपला स्वतःचा आळस व हयगय, गोडवा मिळत नसतानाही आपण किती टिकून राहतो याची कसोटी, आणि प्रार्थनेतला आनंद ही आपली कमाई नसून देणगी आहे हे उमगावे हा देवाचा हेतू. पहिले कारण लागू आहे का, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे तपासावे. मिस्सा चालू असताना मोबाइल पाहायचा, रविवार सोयीचा असेल तरच पाळायचा आणि मग देव जाणवत नाही म्हणायचे, याला कोरडेपणा म्हणता येणार नाही. तिथे गरज आहे ती परिवर्तनाची. चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथातही परिच्छेद २७३१मध्ये हाच भेद केलेला आहे. पण पहिले कारण तपासून झाल्यावर तिथेच घुटमळत राहू नये, उरलेली दोनही तितकीच खरी आहेत. आमच्याकडे मात्र पहिले कारण सगळ्यांच्या तोंडी असते आणि दुसऱ्या-तिसऱ्याचा उल्लेखही होत नाही.

या अवस्थेला ‘काळोखी रात्र’ हे नाव ज्यांच्यामुळे रूढ झाले, ते क्रूसाचे संत योहान (१५४२–१५९१) यांनी यापुढची पायरी सांगितली. कार्मेल या धर्मसंघाच्या सुधारणेला विरोध करणाऱ्या आपल्याच संघबंधूंनी त्यांना १५७७च्या डिसेंबरात तोलेदो येथे कोंडून ठेवले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ते तिथून निसटले. त्यामुळे अंधाराविषयी त्यांनी जे लिहिले ते अनुभवाचे आहे. देवाकडून येणारा कोरडेपणा ओळखण्याच्या तीन खुणा त्यांनी दिल्या आहेत. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, आणि जगाच्या गोष्टींतही वाटत नाही. आपण देवाची सेवा नीट करत नाही, मागे पडत आहोत, ही टोचणी सतत असते. आणि पूर्वीसारखे मनन, चिंतन कितीही प्रयत्न केला तरी जमत नाही. यांतली मधली खूण निर्णायक आहे: ज्याला खरोखर देवाचे काही वाटेनासे झाले आहे त्याला ही टोचणी नसते. वर सांगितलेल्या आजींना “देवानं पाठ फिरवली असेल का?” हा प्रश्न रात्रंदिवस छळत होता, हेच त्या देवाकडे तोंड करून उभ्या असल्याचे लक्षण होते.

इथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. संत योहान यांनी सोळाव्या शतकातच लिहिले की ही अवस्था कधी कधी शरीरातील बिघाडामुळे वा खिन्नतेच्या आजारामुळेही येऊ शकते आणि तो फरक पाहावा लागतो. आज आपण त्याला नैराश्य म्हणतो. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, घरातली साधी कामे होत नाहीत, मरणाचे विचार येतात, अशी लक्षणे असतील तर “प्रार्थना वाढवा” एवढे सांगून माणसाला परत पाठवणे हा गुन्हा आहे. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. टेली-मानस ही सरकारची १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा मराठीतही बोलते. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे, आणि औषधाने मन सावरल्यावरही प्रार्थना कोरडीच राहिली तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकत्र असू शकतात हेही संत योहान यांना ठाऊक होते.

त्यांच्या सहकारी, आविलाच्या संत तेरेजा (१५१५–१५८२), यांचा दाखला मी धर्मशिक्षणाच्या वर्गात नेहमी देते, कारण तो आमच्या वाडीतल्या मुलांना लगेच कळतो. प्रार्थना म्हणजे बागेला पाणी घालणे, असे त्या म्हणतात: सुरुवातीला विहिरीतून पोहऱ्याने शेंदून, मग रहाटाने, मग ओढ्याचे पाणी वळवून आणि शेवटी आपोआप पडणाऱ्या पावसाने. विहीर आटली आणि पोहरा रिकामा वर आला तर काय करायचे? माळ्याने आपले काम करत राहावे, कारण बाग मालकाची आहे आणि पाणी न घालताही फुले जगवणे मालकाच्या हाती आहे. या थोर साध्वीने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे की कित्येक वर्षे प्रार्थनेला बसल्यावर आपले लक्ष घड्याळाच्या टोल्यांकडे असे आणि तास कधी संपतो याची आपण वाट पाहत असू. पुस्तक हाताशी नसेल तर प्रार्थनेला बसण्याचे धाडसही होत नसे. चर्चने त्यांना प्रार्थनेच्या आचार्या म्हणून गौरवले आहे. लिझ्यूच्या छोट्या तेरेजा यांचे मन तर १८९६च्या ईस्टरपासून ३० सप्टेंबर १८९७ रोजी चोविसाव्या वर्षी क्षयाने मृत्यू येईपर्यंत स्वर्ग आहे की नाही या शंकेने वेढलेले होते. त्यांनी ‘मी विश्वास धरतो’ हा श्रद्धेचा अंगीकार स्वतःच्या रक्ताने लिहिला आणि तो हृदयाशी बाळगला. प्रार्थनेच्या वेळी झोप लागण्याविषयी त्यांनी लिहिले आहे की लेकरू जागे असो वा झोपलेले, आईवडिलांना सारखेच आवडते. आमच्या घराघरांत या छोट्या तेरेजांची गुलाब घेतलेली तसबीर असते. तिच्यामागची ही दीड वर्षे किती जणांना माहीत आहेत?

ही माहिती लोकांपर्यंत का पोहोचत नाही, याचे एक कारण मला दिसते. गेल्या काही दशकांत टाळ्या, गीते, मोठ्याने केलेली स्तुती आणि साक्षी यांनी भरलेल्या प्रार्थनासभा आमच्याकडे रुजल्या. १९६७मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या कॅथॉलिक करिस्मॅटिक नवीकरणातून त्या आल्या आणि त्यांनी अनेक कुटुंबांना व्यसनांतून बाहेर काढले, कित्येकांच्या हाती पहिल्यांदा बायबल दिले, हे मी जवळून पाहिले आहे आणि त्याचा मला मनापासून आदर आहे. पण अशा सभांत साक्ष देतो तो ज्याला काहीतरी जाणवले तो. ज्याला काहीच जाणवले नाही तो मागच्या रांगेत मान खाली घालून बसतो, आपलेच काहीतरी चुकत आहे असे समजतो, आणि पुढच्या वेळी येत नाही. मग डोळ्यांत पाणी येणे, अंगावर रोमांच उभे राहणे हीच श्रद्धेची मोजपट्टी होऊन बसते. २०२०च्या टाळेबंदीत चर्च बंद राहिली, मिस्सा पडद्यावर पाहावी लागली, अनेक घरांत कोणी ना कोणी दगावले. त्यानंतर दारे उघडली तरी पूर्वीचे काही परत येईना, असे सांगणारी माणसे मला अजूनही भेटतात. त्यांच्यासाठी कोणत्या सभेत जागा आहे?

बायबलने मात्र त्यांना जागा दिलेली आहे. स्तोत्रसंहितेतील बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. ८८वे स्तोत्र वळत नाही, ते अंधाराच्या उल्लेखावरच संपते, आणि तरीही चर्चने ते दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ठेवले आहे. क्रूसावरील प्रभू येशूच्या तोंडी ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हा २२व्या स्तोत्राचा आरंभ आहे. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर हे शब्द उसने घ्यावेत. कोरड्या दिवसांत ठरलेल्या, पाठ असलेल्या प्रार्थनांइतका आधार दुसऱ्या कशाचा नसतो, असा माझा अनुभव आहे. आणि मराठी माणसाला हे परके वाटण्याचे कारणच नाही. भेट देत नाही म्हणून विठ्ठलाशी भांडणाऱ्या, त्याला निष्ठुर म्हणणाऱ्या, आणि तरी त्याचे दार न सोडणाऱ्या तुकोबांच्या व नामदेवांच्या विरहाच्या अभंगांवर या भूमीतली भक्ती पोसलेली आहे. देव दिसत नाही म्हणून रडणाऱ्या भक्ताला महाराष्ट्राने कधी नास्तिक म्हटलेले नाही.

माझी विनंती सर्वप्रथम आमच्या धर्मगुरूंना आहे. आपणही या वाळवंटातून जात असाल. दररोज वेदीपुढे उभे राहणाऱ्याला ते चुकत नाही. त्याविषयी वर्षातून एकदा तरी प्रवचनात स्वच्छ शब्दांत बोलावे. येत्या उपवासकाळात प्रत्येक धर्मग्रामाने एक संध्याकाळ याच विषयासाठी राखून ठेवावी: गीते नकोत, साक्षी नकोत, एखादे स्तोत्र वाचावे, वर उल्लेखिलेल्या संतांविषयी सांगावे, आणि मग ज्यांना बोलायचे आहे त्यांच्याशी एकेकट्याने बोलण्यासाठी दोन-तीन धर्मगुरू व धर्मभगिनींनी थांबावे. प्रायश्चित्त संस्काराची (पापनिवेदनाची) वेळ मिस्सापूर्वीच्या दहा मिनिटांपुरती असेल तर असे बोलणे शक्य होत नाही. आठवड्यातून एक निवांत तास त्यासाठी जाहीर व्हावा. मनातला अंधार गुपित ठेवला की तो वाढतो आणि जाणत्या माणसापुढे उघड केला की त्याचा जोर ओसरतो, हेही संत इग्नेशियस यांच्याच नियमांत आहे.

आणि जे वाचक सध्या या अवस्थेत आहेत त्यांना एवढेच सांगायचे आहे की रोजची वेळ सोडू नका, ती लहान करावी लागली तरी चालेल. मिस्साला जा, ख्रिस्तशरीर स्वीकारा, काही वाटले नाही तरी स्वीकारा. शेजारच्या आजाऱ्याला पेज नेऊन द्या. ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाला सांगा. आणि कोणी तुमच्या घराण्याची पापे शोधायला सांगितली तर त्याचे न ऐकता सरळ आपल्या धर्मगुरूंकडे जा.

आपली नम्र,
एक वाचक,
वसई, जि. पालघर